प्रोब वापरून ॲक्रिलिक लॅटेक्स: एमएमए-बीए कोपॉलिमरची २०० ग्रॅमची बॅच

भिंतीच्या रंगासाठी नेहमीचा ॲक्रिलिक बाइंडर (रंग भिंतीला धरून ठेवणारा पॉलिमर) करायचा असेल तर अल्ट्रासाऊंडच्या फंदात पडू नका. सीड (आधीच तयार असलेले बारीक पॉलिमरचे कण) टाकून मोनोमर हळूहळू सोडण्याची पद्धत स्वस्त आहे आणि कारखान्यात ती मुरलेली आहे. अल्ट्रासाऊंडचा प्रोब (द्रवात बुडवायचा, वेगाने कंपणारा धातूचा दांडा) कामाला येतो तो वेगळ्या ठिकाणी: लॉरिल किंवा स्टिअरिल मेथाक्रिलेटसारखा पाण्यात जवळपास न विरघळणारा मोनोमर वापरायचा असेल, नॅनो कॅल्शियम कार्बोनेट किंवा पिगमेंट पॉलिमरच्या कणाच्या पोटात बसवायचे असेल, किंवा साबण (थेंब आणि कण पाण्यात टिकवणारा सर्फॅक्टंट) कमी ठेवायचा असेल तेव्हा. खाली दिलेली बॅच मुद्दाम साधी ठेवली आहे. मिथाइल मेथाक्रिलेट (एमएमए) आणि ब्युटाइल ॲक्रिलेट (बीए) यांवर हात बसला की मग त्यात हवे ते घालता येते.

अल्ट्रासाऊंड इथे दोन कामे करू शकतो. पाण्यात कॅव्हिटेशनचे बुडबुडे तयार होऊन कोसळतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या आत क्षणभर काही हजार केल्विन तापमान जाते, पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रोजन व हायड्रॉक्सिल रॅडिकल (मोनोमरची साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील तुकडे) सुटतात. हे रासायनिक काम. त्याच वेळी बुडबुड्याभोवतीच्या पाण्याचे जोरदार फटके मोनोमरचे थेंब फोडतात. हे यांत्रिक काम. बिग्ज आणि ग्रीझर यांनी १९९५ मध्येच दाखवून दिले की इनिशिएटर (रॅडिकल पुरवणारे रसायन) न घालता, नुसत्या अल्ट्रासाऊंडवर पॉलिस्टायरीनचे लॅटेक्स होते. वाचायला ते आकर्षक वाटते. पण २० किलोहर्ट्झच्या प्रोबमधून मिळणारे रॅडिकल मोजके असतात आणि त्यासाठी तासन् तास वीज जाळावी लागते. थेंब फोडण्यात मात्र हाच २० किलोहर्ट्झ वाकबगार. म्हणून थेंब प्रोबकडून फोडून घ्या आणि रॅडिकल द्यायचे काम पोटॅशियम परसल्फेटवर सोडा.

थेंब इतके का फोडायचे? नेहमीच्या इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये मोनोमरचे मोठे थेंब नुसती कोठारे असतात. मोनोमर तिथून पाण्यातून प्रवास करून साबणाच्या मायसेलपर्यंत (पाण्यात साबणाच्या रेणूंचे होणारे बारीक झुबके) जातो आणि कण तिथे जन्मतो. थेंबच १०० ते २०० नॅनोमीटरचे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग अफाट वाढतो, साबण त्यावर जाऊन बसतो, मायसेल उरत नाहीत आणि प्रत्येक थेंब स्वतःच कण बनतो. याला मिनिइमल्शन म्हणतात. थेंबात सुरू होणारे हे पॉलिमरायझेशन उगेलस्टाड, एल-आसर आणि व्हॅंडरहॉफ यांनी १९७३ मध्ये मांडले. खालच्या बॅचमधल्या जेमतेम ५० ग्रॅम मोनोमरचे थेंब १५० नॅनोमीटरचे केले तर त्यांचा पृष्ठभाग सुमारे २,३०० चौरस मीटर भरतो, म्हणजे बावीस-तेवीस गुंठे जमीन. एक ग्रॅम साबणाला एवढे रान झाकायचे असते. तो पुरता झाकूही शकत नाही, निम्म्याच्या आसपासच झाकतो, आणि आपल्याला तेच हवे आहे.

साहित्य

तेलाच्या भांड्यात: एमएमए २५ ग्रॅम, बीए २४ ग्रॅम, मेथाक्रिलिक ॲसिड १ ग्रॅम, हेक्झाडेकेन १.५ ग्रॅम.

पाण्याच्या भांड्यात: डीआयोनाइज्ड पाणी १४० ग्रॅम, सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) १ ग्रॅम.

वेगळ्या छोट्या बीकरमध्ये, ऐन वेळी: पोटॅशियम परसल्फेट (केपीएस) ०.२५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा ०.१५ ग्रॅम, १० ग्रॅम पाण्यात.

शेवटी उरलेला मोनोमर संपवण्यासाठी: ७० टक्के टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड ०.०७ ग्रॅम आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड ०.०५ ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या एकेक ग्रॅम पाण्यात.

या प्रमाणात फॉक्सच्या समीकरणाने (मोनोमरच्या प्रमाणावरून अंदाज देणारे सूत्र) काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते, साधारण ८ अंश सेल्सिअस येते, त्यामुळे आपल्याकडच्या तापमानाला फिल्म सहज बसते. कडक फिल्म हवी असेल तर एमएमए वाढवा. शंभर भाग मोनोमरमध्ये एमएमए ६०, बीए ३८ केले की हेच तापमान २३-२४ अंशांवर जाते.

हेक्झाडेकेन वगळून चालत नाही. लहान थेंबातला मोनोमर पाण्यातून सरकत मोठ्या थेंबात जातो आणि केलेली मेहनत काही मिनिटांतच वाया जाते. हेक्झाडेकेन पाण्यात विरघळत नाही, थेंबातच अडकून राहते आणि मोनोमरलाही धरून ठेवते. त्याच्याऐवजी सिटाइल अल्कोहोल वापरलेले दिसते, पण त्याने केलेले इमल्शन फार वेळ टिकत नाही. हेक्झाडेकेन फिल्ममध्ये राहून तिला थोडे मऊ करते, हे खटकत असेल तर स्टिअरिल मेथाक्रिलेट घ्या. ते साखळीत बांधले जाते, मात्र धरून ठेवण्यात कमी पडते, म्हणून जास्त घालावे लागते.

खाण्याचा सोडा आधी घालायचा नाही, यालाही कारण आहे. मेथाक्रिलिक ॲसिडशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि हा वायू पाण्यात असला की कॅव्हिटेशन मंदावते. प्रोबचे काम उरकल्यावरच सोडा घाला.

मोनोमर साठवणीत आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून त्यात घातलेला इनहिबिटर (बहुधा एमईएचक्यू) केपीएसच्या बॅचमध्ये धुवून काढायची गरज नाही. सुरुवात फक्त काही मिनिटे उशिरा होते. इनिशिएटरशिवाय करून पाहायचे असेल तर मात्र तो काढावाच लागतो: ५ टक्के कॉस्टिकच्या द्रावणाने दोनदा, मग पाण्याने, मग निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवून. धुतलेला मोनोमर त्याच दिवशी वापरा. मेथाक्रिलिक ॲसिड मात्र कॉस्टिकने धुऊ नका, ते पाण्यातच निघून जाईल.

मेथाक्रिलिक ॲसिड फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक बऱ्याच ठिकाणी दिसते. ते १५-१६ अंशांना गोठते. गोठताना इनहिबिटर सगळीकडे सारखा राहत नाही, आणि अर्धवट वितळलेल्या बाटलीतून ओतून घेतलेल्या द्रवात तो जवळपास नसू शकतो. अशी बाटली हीटरजवळ किंवा उकळत्या पाण्यात ठेवली तर आतल्या आत पॉलिमर होऊन फुटू शकते. कोमट पाण्यात, २५-३० अंशांना, हलवत हलवत पूर्ण वितळू द्या आणि मगच वजन घ्या. हेक्झाडेकेनही १८ अंशांखाली घट्ट होते, पण त्यात धोका काही नाही.

आधी प्रोबची खरी ताकद मोजा

यंत्राच्या पडद्यावर दिसणारे वॅट हे विजेचे असतात, पाण्यात पोचलेले नव्हेत. ज्या बीकरमध्ये काम करायचे त्यातच २०० ग्रॅम पाणी घ्या, तापमापी बुडवा, प्रोब त्याच खोलीवर ठेवा आणि बर्फ न लावता सलग दोन मिनिटे चालवा. दर १५ सेकंदांनी तापमान टिपा. वजन (ग्रॅम) गुणिले ४.१८ गुणिले दर सेकंदाची तापमानवाढ, एवढा साधा हिशोब. मिनिटाला ३.६ अंश चढले तर सेकंदाला ०.०६, म्हणजे २०० × ४.१८ × ०.०६ = ५० वॅट. १३ मिलिमीटरच्या टायटॅनियम टिपेच्या प्रोबवर अशा ५० वॅटपर्यंत पोचेल असा ॲम्प्लिट्यूड (टिपेच्या कंपनाचा पल्ला) शोधा आणि तो वहीत लिहून ठेवा. टीप झिजत जाते तसा हा आकडा घसरतो, म्हणून दर महिन्याला पुन्हा मोजा. कोणाच्या पेपरात '७० टक्के ॲम्प्लिट्यूड' असे लिहिले असेल तर त्याचा तुमच्या यंत्रावर काहीच अर्थ लागत नाही. तुलना होते ती वॅटची, आणि त्याहून चांगली म्हणजे दर ग्रॅममागच्या ज्यूलची.

दागिने किंवा चष्मे धुण्याची अल्ट्रासोनिक टाकी या कामाला पुरत नाही. तिची ताकद सगळ्या टाकीत पसरलेली असते. पिगमेंट सोडवायला किंवा पाण्यातली हवा काढायला ती ठीक.

प्रोबचा टप्पा

पाण्यात एसएलएस विरघळवा. तेलाच्या भांड्यातले सगळे एकजीव करून त्यात ओता आणि मॅग्नेटिक स्टररवर १५ मिनिटे जोरात ढवळा. दुधासारखे, जाडसर इमल्शन होईल. ढवळणे थांबवले की पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. इतपत सध्या पुरे.

हे २५० मिलीच्या उंच, अरुंद बीकरमध्ये घ्या. बीकर थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि पाण्यात बर्फाचे मोजकेच खडे टाका. उत्साहाने बर्फ भरून बसणे चुकीचे: एसएलएस साधारण १५ अंशांखाली सुयांसारखे स्फटिक होऊन बाहेर पडते. लक्ष्य १८ ते २५ अंशांचे. वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. द्रव तापला की बुडबुड्यात मोनोमरची वाफ भरते, ती गादीसारखी बसते आणि बुडबुडा जोरात कोसळत नाही. एरवी रसायनशास्त्रात गरम केले की काम वेगाने होते. इथे उलट आहे, आणि नवख्याला हेच पटत नाही.

टीप द्रवात दोन ते तीन सेंटीमीटर बुडालेली, बीकरच्या मध्यभागी, काचेला कुठेही न टेकणारी. खाली स्टररची कांडी हळू फिरत राहू द्या. टिपेखालचा भागच घुसळला जातो, बाकीचा द्रव फिरून त्या जागी आला पाहिजे. ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद असा पल्स लावून १२ मिनिटे चालवा, म्हणजे चालू वेळ ६ मिनिटे. ५० वॅटला ६ मिनिटे म्हणजे १८ किलोज्यूल, दर ग्रॅमला साधारण ९५ ज्यूल. थंड पाणी नसते तर एवढ्या ऊर्जेने बॅच २५ अंशांच्या आसपास तापली असती.

कान द्या. टीप नीट बुडालेली असेल तर एकसारखा, भरीव चरचराट येतो. तोच आवाज फाटका, खरखरीत आणि अधूनमधून सुटल्यासारखा झाला तर टिपेने पृष्ठभागावरून हवा ओढायला सुरुवात केली आहे. लगेच थांबवा आणि टीप सेंटीमीटरभर खाली घ्या. हवा एकदा घुसली की साबणाचा फेस होतो आणि फेसात प्रोबचा जोर शून्य. फेस झालाच तर अर्धा तास झाकून ठेवा. डिफोमर टाकू नका, तो थेंबांचा समतोल बिघडवतो. आवाज कानाला सोसवत असला तरी इअरमफ लावाच. आणि यंत्र चालू असताना टीप हवेत उघडी ठेवू नका.

झाले की नाही हे ओळखायचे कसे? बीकर तिरका करून काचेला चिकटलेला पातळ थर उजेडासमोर धरा. सुरुवातीला तो खडूच्या पाण्यासारखा पांढरा असतो. थेंब बारीक झाले की त्याच्या कडेला निळसर झाक येते, पातळ ताकावर येते तशी. डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून थेंबांचा आकार मोजणारे यंत्र) असेल तर चालू वेळेच्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मिनिटाला नमुना पाहा. शेवटच्या दोन वाचनांत फारसा फरक नसेल तर पुढे चालवून हाती उष्णतेशिवाय काही लागत नाही. नमुना साध्या पाण्यात पातळ केला तर थेंबातला मोनोमर पाण्यात निघून जातो आणि आकडा खोटा येतो. एमएमए पाण्यात लिटरला १५ ग्रॅमपर्यंत विरघळतो, म्हणून मोनोमरने संपृक्त केलेल्या, थोडा एसएलएस घातलेल्या पाण्यात पातळ करा. डीएलएस नसेल तर २० मिली नमुना बंद परीक्षानळीत दुसऱ्या दिवसापर्यंत उभा ठेवा. वर साय आली तर ऊर्जा कमी पडली किंवा हेक्झाडेकेन कमी पडले.

फ्लास्कमधला टप्पा

५०० मिलीचा चार तोंडांचा फ्लास्क, अँकर स्टरर, थंड पाण्याचा कंडेन्सर, तापमापी, नायट्रोजनची नळी. मिनिइमल्शन त्यात घ्या, २०० ते २५० फेऱ्यांवर ढवळा. पाण्याच्या बाथवर २० मिनिटांत ७० अंशांपर्यंत आणा आणि या सगळ्या वेळात नायट्रोजन सोडा. आधी द्रवातून हळू बुडबुडे, ५० अंश झाल्यावर नळी वर घेऊन फक्त पृष्ठभागावरून, नाहीतर एमएमए वायूबरोबर निघून जातो.

७० अंशांना केपीएस आणि सोड्याचे द्रावण दोन-तीन मिनिटांत सोडा. पाच ते पंधरा मिनिटांत तापमान आपोआप चढू लागते. इथे हिशोब डोक्यात असू द्या: एमएमएचा एक मोल सुमारे ५७ किलोज्यूल सोडतो, बीएचा सुमारे ७८. या बॅचमध्ये मिळून साधारण २९ किलोज्यूल. ही उष्णता कुठेच गेली नाही तर बॅच ३९-४० अंश चढेल, म्हणजे ७० वरून थेट उकळीवर. बाथचे तापमान ६८ वर आणून ठेवा, बर्फाची परात हाताशी ठेवा, आतले ७८ पार झाले की बाथ काढून परात लावा. हायड्रोक्विनोनचे थोडे द्रावण तयार असावे, हाताबाहेर गेले तर त्यानेच थांबवता येते.

चढ ओसरल्यावर ७० ला अडीच ते तीन तास. मग ६० ला आणून आधी हायड्रोपेरॉक्साइड, पाच मिनिटांनी ॲस्कॉर्बिक ॲसिडचे द्रावण सोडा आणि अर्धा तास ढवळा. ३० अंशांना थंड करून अमोनियाने पीएच ७.५ ते ८ करा, थेंब थेंब टाकून. एकदम ओतले तर त्या जागी गुठळ्या होतात. १०० मेशच्या नायलॉन कापडातून गाळा.

घनभाग तपासायला ॲल्युमिनियमच्या बशीत दीड ग्रॅम नमुना १०५ अंशांना स्थिर वजनापर्यंत वाळवा. २५ ते २६ टक्के यायला हवा. २३ च्या खाली आला तर मोनोमर शिल्लक आहे किंवा वाफ होऊन गेला आहे, आणि वास घेतला की दोहोंतले काय ते कळते. बीएचा वास लपत नाही. एमएमए बीएपेक्षा आधी संपतो, म्हणून उरतो तो बहुतेक बीएच.

पॉलिमर होत असतानाही प्रोब चालवायचा का?

केपीएस निम्मे करून ६० अंशांवर काम भागवायचे असेल तर सुरुवातीची २०-३० मिनिटे कमी ॲम्प्लिट्यूडवर पल्समध्ये चालवून पाहा. त्यापुढे नाही. तीन कारणे. लांब साखळ्या बुडबुड्यांच्या ओढीत साधारण मध्यावरच तुटतात, म्हणजे रेणुभार जितका मोठा तितका तोटा मोठा. दुसरे, जोराच्या घुसळणीने कण एकमेकांवर आदळून चिकटतात आणि गाळणीत गुठळ्या वाढतात. तिसरे म्हणजे टीप: ती गरम असते आणि आपला पॉलिमर मऊ, त्यामुळे तिच्यावर रबरासारखी साल चढते आणि साल चढलेली टीप आवाज करते, काम करत नाही.

बिघाड

पाऊण तास झाला तरी तापमान हलत नाही: बहुतेक वेळा दोष ऑक्सिजनचा असतो. जोडांमधून हवा शिरते का पाहा, नायट्रोजन वाढवा, १५ मिनिटे थांबा. तरीही नाही तर केपीएस जुने, ओल धरलेले आहे. अशा वेळी घाईने दुप्पट केपीएस टाकू नका, ऑक्सिजन संपला की सगळे एकदम पेटते.

डीएलएसवर दोन शिखरे, एक ५० नॅनोमीटरच्या आसपास: मायसेल उरले होते आणि त्यांत नवे कण जन्मले. साबण ०.८ ग्रॅमवर आणा, किंवा थेंब अजून बारीक करा म्हणजे साबण त्यांच्यावर खर्च होईल.

स्टररच्या पात्यावर आणि काचेवर जाड गोळा: ढवळणे फार जोरात, पाण्यात कडकपणा, किंवा प्रोबचा टप्पा अपुरा. पहिल्यांदा प्रोबच्याच टप्प्यावर संशय घ्या.

लॅटेक्सला करडी झाक, गाळणीच्या तळाशी राखेसारखी पूड: ती टिपेची टायटॅनियम आहे. टिपेच्या तोंडावर बोट फिरवून पाहा, खड्डे लागतील. हलके खड्डे ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट काचेवर घासून काढता येतात. खोल असतील तर टीप बदला. जास्त घासले तर तिची लांबी कमी होऊन हॉर्नचा (प्रोबच्या दांड्याचा) सूर २० किलोहर्ट्झपासून हलतो आणि जनरेटर तक्रार करू लागतो.

सुरक्षेचे थोडक्यात: एमएमएचा फ्लॅश पॉइंट १० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि प्रोबचा कन्व्हर्टर ठिणगीरोधक नसतो. काम फ्यूम हूडमध्येच करा. ॲक्रिलेट अंगावर उडाले तर लगेच धुवा. एकदा त्वचेला ॲलर्जी जडली की पुढे थोड्या वाफेनेही पुरळ येते.

मोठ्या बॅचकडे जाताना

दोन लिटरच्या भांड्यात तोच प्रोब बुडवून वेळ दहापट केला की झाले, असे होत नाही. कॅव्हिटेशनचा जोर टिपेपासून काही सेंटीमीटरांतच विरतो, आणि मोठ्या भांड्यातला बराचसा द्रव त्या भागात कधी येतच नाही. त्यापेक्षा फ्लो सेल घ्या. जाडे इमल्शन पेरिस्टाल्टिक पंपाने टिपेखालच्या छोट्या कप्प्यातून फिरवा, कप्प्याच्या जॅकेटमधून थंड पाणी खेळवा आणि सगळ्या बॅचला दर ग्रॅमला तेच ९५ ज्यूल मिळेपर्यंत फेऱ्या मोजा. ५० वॅटच्या प्रोबने १,९०० ग्रॅमला हे द्यायला तासाहून थोडा जास्त चालू वेळ लागतो. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनच्या रिॲक्टरांवर वर्षानुवर्षे केलेले काम या टप्प्यावर वाचण्यासारखे आहे. फेऱ्या संपल्यावर सेलमधून आधी एसएलएसचे कोमट पाणी, मग साधे पाणी फिरवा आणि टीप ओली असतानाच पुसून घ्या. वाळलेला ॲक्रिलिक थर काढायला ॲसिटोन आणि अर्धा दिवस लागतो.